मानाची पहिली कॅन

संस्था नव्या कल्पनांनी मोठी होते, हे आता सर्वमान्य आहे. (जुन्या कल्पनांनी ती नुसती चालते, आणि चालणाऱ्या संस्थेचा फोटो कोणी छापत नाही.) आमच्या तालुक्याच्या दूध संघाला हे सत्य १९९५ साली उमगले. त्या साली अध्यक्ष हंबीरराव आण्णा महाबळेश्वरला नेतृत्व शिबिराला गेले. तिथे पुण्याच्या तज्ज्ञांनी नेतृत्वाच्या तीन शैली शिकवल्या: हुकमी, सल्लामसलतीची आणि मोकळीक देणारी. आण्णांनी एक निवडून बाकीच्यांना दुखावले नाही. तिन्ही घेतल्या. हुकमी शैली कामगारांसाठी, सल्लामसलत निवडणुकीआधी, मोकळीक मेहुण्यांना.

परत येताच त्यांनी कल्पनापेटी बसवली. पेटी त्यांच्याच केबिनमध्ये, किल्ली त्यांच्याच खिशात; कारण कल्पना उघड्यावर ठेवली तर कोणीही ती अमलात आणतो. कल्पना देणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होई. सत्कारानंतर तीच कल्पना पुन्हा मांडणे हे हावरटपणाचे लक्षण मानले जाई. पहिल्या वर्षी ऐंशी टक्के कल्पना अशा मार्गी लागल्या. उरलेल्या वीस टक्के आण्णांच्याच होत्या.

टोकवाडीच्या चंद्राबाईंना मात्र शाल नको होती. दुधाची गाडी सकाळी आधी आण्णांच्या गावी, हिंगणओढ्याला जाई आणि टोकवाडीला सगळ्यात शेवटी, ऊन चढल्यावर. तोवर चंद्राबाईंच्या एकुलत्या म्हशीचे दूध नासे आणि संघ ते परत करी.

"आवं आण्णा," त्या केबिनमध्ये येऊन म्हणाल्या, "गाडी आदी आमच्याकडं धाडा, आन् माघारी येताना बाकीची गावं घ्या. तुमच्या गावात दूध थंड करायचं मशीन हाय. तुमचं थांबंल. आमचं थांबत न्हाई."

"आक्का, कल्पना लय भारी," आण्णा म्हणाले. "पर पहिल्या कॅनचा मान आमच्या गावाचा. जत्रंतली पालखी कवा उलटी फिरवत्यात व्हय?"

"पालखीतला देव नासत न्हाई, आण्णा."

हा मुद्दा नवकल्पना समितीकडे गेला. (समितीत सगळे संचालकच होते, नव्या कल्पनेला ओळखीची माणसे बरी.) समितीने क्रांतिकारक तोडगा काढला. गाडी टोकवाडीपासूनच दूध उचलेल. फक्त जाता जाता हिंगणओढ्याची एक कॅन मानाची म्हणून घेईल. हे कळताच उपाध्यक्षांच्या गावानेही एक कॅन पुढे केली. मग बाकीच्या संचालकांच्या गावांनी. प्रत्येक कॅनपुढे नारळ फुटू लागला. गाडी पूर्वी टोकवाडीला ऊन चढल्यावर पोचत असे, ती आता ऊन उतरायला लागल्यावर पोचू लागली. मानाचे दूधही गाडीत तापत तालुकाभर हिंडे. पण मानाची कॅन तपासणे म्हणजे गावाचा अपमान, म्हणून तिला तपासणीतून कायमची सूट मिळाली.

"गाडी फिरवा म्हनलं," चंद्राबाई म्हणाल्या, "तर ह्यांनी मिरवायला काढली."

या प्रयोगाला विभागीय पारितोषिक मिळाले. चंद्राबाईंना शाल मिळाली. ती त्यांनी म्हशीच्या पाठीवर टाकली आणि म्हैस बाजारात नेली. हिंगणओढ्याच्या एका गृहस्थाने ती घेतली, शालीसकट. तीच म्हैस, तेच दूध. आता रोज मानाच्या कॅनमध्ये असते आणि आजवर एकदाही परत आलेले नाही. नवकल्पनेने दुधाची प्रत सुधारते, याचा संघ हाच दाखला देतो.

संघाचे दूध साताऱ्यापासून मिरजेपर्यंत जाते. हे वाचताना तुमच्या हातात चहा असेलच. वर बारीक गोळे तरंगत असतील, तर ती साय नव्हे. तरी चहा देणाऱ्याकडे बघून तुम्ही ते चमच्याने बाजूला साराल आणि 'चहा झकास झालाय' म्हणाल, याची संघाला खात्री आहे.

तुमच्यासाठी एक शाल काढून ठेवली आहे.