न ओरडणारं पिल्लू

शेळी चोरीला गेल्यापासून कडूबाई नवऱ्याशी नीट बोललेली नव्हती. शेळ्या तिच्या होत्या, माहेराहून आणलेल्या एका करडापासून तिनं वाढवलेल्या. माकणीच्या रानातला गोठा घरापासून लांब. "तिथं झोपायला जावा," असं तिनं बलभीमला परोपरीनं सांगितलं होतं. पण गोठ्यात त्याला डास फोडून खात, वारं बाधे, कंबर धरे. घरात पंख्याखाली मात्र काही धरत नसे. शेवटी चोरानं नेमकी सगळ्यात दुभती शेळी नेली आणि कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऱ्हायलेल्या तरी राखा आता!" ती कडाडली.

"राखणीला कुत्रं आणू की," बलभीम म्हणाला.

तिला वाटलं, चला, उशिरा का होईना अक्कल आली. शेजारच्या केशरबाईच्या कुत्रीनं कडब्याच्या गंजीखाली पिल्लं घातली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला केशरबाई "एखादं न्या की वो" म्हणून विनवत होती. कडूबाईनं त्यातलं एक तांबडं पिल्लू पदरात घालून आणलं. बलभीमनं ते मानगुटीला धरून वर उचललं. पिल्लानं सगळी गल्ली डोक्यावर घेतली.

"भित्रं हाय," त्यानं निकाल दिला. "उचलल्यावर जे वरडत न्हाय, ते खरं राखणीचं. आमचं आज्जं असंच पारखायचं. आन जातिवंत पायजे. उमरग्याला कल्याणप्पाकडं शिकारी कुत्री हायत, म्या मोबाईलवर बगितलीत."

"फुकटचं सोडून इकतचं आणा! चोर काय कुत्र्याची जात इचारून येतो व्हय?"

पण बलभीम ऐकेल तर तो बलभीम कसला! कडूबाईनं तणतणत पिल्लू परत नेऊन दिलं. या माणसाला एकट्याला सोडलं तर हा गाढव घेऊन येईल, म्हणून उमरग्याला तीही सोबत गेली.

कल्याणप्पाच्या अंगणात लांब पायांची पिल्लं लोळत होती. बलभीमनं एकेकाला उचलायचा सपाटा लावला. उचलेल ते किंचाळे. त्यांची आई साखळीला हिसके देऊ लागली.

"मालक, मोडून बगायला ती भेंडी हाय का?" कल्याणप्पा चिडला. "ठेवा की खाली!"

शेवटचं पिल्लू मात्र गप लोंबकळत राहिलं आणि बलभीमच्या मिशा न्याहाळत बसलं.

"हेच!" बलभीम ओरडला.

"आवं, ते कशालाच बोलंना. चोर आल्यावर काय करंल?"

"वाघ कधी वरडतो का?"

"वाघच पाळायचा तर शेळ्या कुणासाठी राखायच्या?"

वाघ्या गोठ्यात शेळ्यांमध्ये वाढला. शेळीचं दूध प्यायला, अंडी खाल्ली, भराभर उंच झाला. भुंकला मात्र एकदाही नाही. वानरं येऊन गेली, परकी माणसं येऊन गेली, वाघ्यानं सगळ्यांचे हात चाटले. बलभीम स्वतः गोठ्यात ओणवा होऊन त्याला भुंकून दाखवू लागला. वाघ्या मान तिरकी करून आदरानं ऐके. संतापून बलभीमनं उमरग्याला फोन लावला.

"कल्याणप्पा, कुत्रं मुकं दिलंत तुमी!"

"मुकं न्हाय, मालक. पळणारी जात हाय, कमी बोलती. आन न वरडणारं तुमीच निवडलं की! बाकीची बोंबलून सांगत व्हती."

भुंकत नसला तरी वाघ्या पळायचा असा, की कालव्याच्या रस्त्यावर मोटारसायकली मागं पडायच्या. पोरांनी व्हिडिओ काढले, लोहाऱ्याहून माणसं बघायला आली. त्यातला एक जण म्हणाला, "काका, जपा बरं. असली कुत्री चोरीला जात्यात. हे तर उचलून नेलं तरी वरडायचं न्हाय."

बलभीमनं तडक गोठा गाठला. त्यानं वाघ्याला घरात आणून बांधलं, तर शेळ्यांवाचून झोप न येणाऱ्या त्या प्राण्यानं नखांनी दार सोलून काढलं. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताच बलभीमनं बाज उचलली, वाकळ खांद्यावर टाकली आणि गोठ्याची वाट धरली.

कडूबाई आडवी आली. "कुठं निघालात?"

"आगं, जातिवंत जनावर हाय. राखाय नको?"

"आता डास न्हाईत का? कंबर धरत न्हाय का? माज्या शेळ्यांसाठी घसा कोरडा केला म्या, तवा न्हाय हाललात!" तिच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. बायकोच्या शब्दाला जी किंमत नव्हती, ती या मुक्या कुत्र्याला होती. तिनं उशी उचलून त्याच्या अंगावर फेकली. बलभीमनं ती झेलली, काखेत मारली आणि तो गेला.

पुढं गावात चोरांनी उच्छाद मांडला. केशरबाईचा बोकड गेला, वरच्या वस्तीवरच्या शेळ्या गेल्या. कडूबाईच्या गोठ्याकडं कुणी वळलं नाही.

"कडूबाई," केशरबाईनं एकदा विचारलं, "तुज्या गोठ्यावर राखणीला कंचं हाय गं? ते उमरग्याचं का?"

कडूबाईनं शेणाचा गोळा भिंतीवर रागानं थापला.

"न्हाय. घरचंच हाय," ती म्हणाली. "रातभर खोकतंय लई, पन चोर फिरकंना."