काळ्याशेजारी काळा

रुपचंदशेठ कॉम्प्युटर दुकानातच जोडून देत होते. मीच म्हणालो, "सुटे भाग द्या, मी घरी जोडतो." मी वीज ऑफिसात बिलाच्या टेबलावर आहे. (त्यामुळे अख्खं पिंप्राळा मला वायरमन समजतं, आणि मीही कधी नाही म्हटलेलं नाही.)

शेठ म्हणाले, "गिरधरभाऊ, पॉवर सप्लायचे दोन कनेक्टर मदरबोर्डवर शेजारी-शेजारी बसतात. काळ्या वायरी मधोमध. काळ्याशेजारी काळा, एवढं पाळा."

कॉम्प्युटर सुगंधासाठी होता. एका क्लासच्या प्रश्नपत्रिका टाईप करायचं, दसऱ्यापासून सुरू होणारं काम तिला मिळालं होतं. लग्नानंतरची तिची पहिली कमाई! दुकानात जोडून घेऊ या, असं ती तीनतीनदा म्हणाली होती. बायकोचं ऐकायचं नसतं, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

खंडेनवमीला सकाळी मी पेटी उघडली. वायरी कसल्या, रुसलेले जावई! वाकवल्या की ताठ. उन्हात ठेवल्या, खोबरेल चोळलं, सुतळीनं बांधल्या. एक वायर सुटून हनुवटीवर बसली. काळ्या काही केल्या मध्ये येईनात. कनेक्टरांची अदलाबदल केली की मात्र सगळ्या वायरी अगदी आपखुशीनं पोचायच्या, फक्त काळ्या कडेला जायच्या.

तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन सासूबाई आल्या. झुंबरबाई, मुक्काम धुळे.

"जावईबापू, हाई काय? बठ्ठं काळं मधमा?"

"तसंच असतं, आई."

"सणना दिन शे! लाल मधमा ठेवा, काळं कडले जाऊ द्या."

अदलाबदल केली की नेमके लालच मध्ये येत होते. माझा जीव भांड्यात पडला. एवढा सोयीचा धर्म मला आयुष्यात भेटला नव्हता.

"अहो, शेठ काय म्हणाले होते?" सुगंधा म्हणाली.

"आईंचं मन मोडू?" मी म्हणालो आणि हळदकुंकू वाहून बटण दाबलं.

फट्! मदरबोर्डमधून धूर निघाला. सासूबाईंना आधी उदबत्तीच वाटली.

"तुम्हीच सांगितलंत!" मी ओरडलो.

"माले काय समजस? तुम्ही ते लाईटवाला शेतस ना!"

सुगंधा भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट उचललं, क्लासच्या सरांना फोन करायला ती कोपऱ्यावरच्या बूथवर गेली आणि काम सोडून आली. मला फार वाईट वाटलं. वायरींचा तर अजून राग येतो.

पुढे ती शेठकडेच कामाला लागली. आता कॉम्प्युटर तीच जोडते, त्याच वायरी मुकाट्यानं वाकवते. माझ्याशी बोलणं जेवणापुरतं. परवा मी डबा पोचवायला गेलो, तर एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं, "सुटे भाग द्या, घरी जोडतो."

सुगंधानं माझ्याकडे बोट दाखवलं.

गिऱ्हाइकानं अदबीनं विचारलं, "साहेब, तुम्ही शिकवता का?"

"नाही," सुगंधा म्हणाली, "हे नमुना आहेत."

त्यानं मला खालून वर नीट पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच जोडून द्या."