पारसशेठची मंडळी

पारसशेठना कोणी "घरी कसं काय?" असं विचारलं की ते क्षणभर विचार करत आणि मग सांगत, "मंडळी मजेत. सकाळी पोटभर खाल्लं, आता सुस्त पडून राह्यलीत." विचारणारा परगावचा असेल तर त्याला वाटे, शेठचं घर माणसांनी भरलेलं आहे. मंठ्याच्या एका व्यापाऱ्याने तर पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी म्हणून पेढे आणले. शेठनी ते आदराने घेतले, एक माझ्या हातावर ठेवला आणि गंभीरपणे त्याला म्हणाले, "मंडळींना खवा चालत न्हाई. नुसती साखर चालती."

शेठच्या घरात शेठ एकटेच होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा मनोज पुण्याला. मंडळी म्हणजे परतूरला स्टेशनच्या बाजूला त्यांची बंद पडलेली ऑइल मिल होती, तिथल्या निळ्या पिंपांत वाढणारं खमीर. इंग्रजीत त्याला यीस्ट म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात शेठ वारले. गावात त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक, म्हातारा मिलमध्ये दारू गाळायचा. दुसरी, म्हाताऱ्याने कापसाच्या पऱ्हाटीतून तेल काढायचा नाद घेतला आणि प्रयोग फसला. अजूनही एखादं काम होणार नसलं की परतुरात लोक म्हणतात, "ते पारसशेठचं तेल हाय." दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पहिली कोणी उठवली, मला माहीत नाही. दुसरी माझ्या तोंडून निघाली, म्हणून ती मलाच दुरुस्त केली पाहिजे.

मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर एक दिवस शेठ वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले. शेतातल्या काडीकचऱ्यातून साखर काढायची, ती एका जातीच्या खमिराला खाऊ घालायची, ते अंगात तेल साठवतं आणि त्या तेलाचं डिझेल होतं, असं त्यात लिहिलं होतं. शेठच्या तीन पिढ्यांनी सरकीचं तेल काढलेलं. मनोजला मात्र मिल पाडून त्या जागेवर दुकानं बांधायची होती.

"एक बाटली, सर," शेठ म्हणाले. "मिलमदून पुन्हा एक बाटली तेल निघालं तर मनोज जागेला हात लावणार न्हाई. तसं कबूल केलंय त्यानं. दिवाळीला यील तव्हा दाखवायची."

विद्यापीठात माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याच्याकडून मी ते खमीर आणलं. शेठनी बाटली उजेडात धरून विचारलं, "ह्याच्यात जीव हाय का?" मी त्यांना म्हटलं, तुम्ही दही खाता ना, मग विरजण समजा. शेठ पक्के जैन. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही, पण सरांनी सांगितलं म्हणजे बराबर असणार, असं म्हणून त्यांनी बाटली घेतली.

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. लोक ती जाळतात. शेठनी ती गाडीभर आणवली, कडबा कापायच्या मशीनवर बारीक केली आणि माझ्या सांगण्याप्रमाणे पातळ आम्लात उकळली. चुना घालून आंबटपणा मारला की तपकिरी, गोडसर पाणी उरे. ते खमिराला द्यायचं. पिंपांत हवा सोडायला शेठनी माशांच्या टाकीचे पंप आणले. दिवसभर बुडबुड चाले. तो आवाज आणि तो आंबूस वास रस्त्यावर गेला आणि एक दिवस पोलीस ठाण्यातला जमादार आला. त्याने प्रत्येक पिंपात नाक घातलं.

"सात पिढ्यांत कांदा न्हाई आमच्या घरात," शेठ त्याला म्हणाले, "अन् तू दारू हुंगून राह्यला?"

दारूचं खमीर वेगळं, हे खातं आणि अंगाला लावून घेतं, असं मी जमादाराला समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं की माल तयार कधी होणार.

तेल धरायची युक्ती अशी की खमिराला साखर भरपूर द्यायची आणि नत्र तोडायचं. मग त्याची संख्या वाढायची थांबते आणि ते चरबी साठवू लागतं. हे मी शेठना फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होतो. शेठनी मला मधेच थांबवलं. "कळलं. तुमची एकादशी. डाळ बंद, साबुदाणा चालू." मी खरोखर एकादशी करतो आणि माझं पोट सगळ्या परतूरला माहीत आहे. त्यानंतर गावातल्या कोणत्याही सुखवस्तू माणसाकडे बोट दाखवून शेठ हळूच म्हणायचे, "डाळ बंद, साबुदाणा चालू."

स्वतः शेठ सूर्य मावळल्यावर जेवत नसत. मंडळींनाही मावळतीनंतर साखर नाही. विज्ञानात असा नियम नाही, असं मी अनेकदा सांगितलं. ते म्हणत, "आमच्या घरात हाय." मे महिन्यात पत्रे तापले तेव्हा घरातला एकुलता कूलर त्यांनी पिंपांसमोर लावला आणि स्वतः ओला पंचा डोक्यावर घेऊन दारात बसले. मी रागावलो तर म्हणाले, "मला बाहेर जाता येतं, सर. त्यांना येत न्हाई."

मग माझ्या हातून एक चूक झाली. तेल धरलं की नाही हे पाहायला मी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणला आणि हौसेने शेठना पाहायला बोलावलं. प्रत्येक पेशीच्या पोटात तेलाचा एकेक चकचकीत थेंब होता. मला आनंद झाला. शेठ मात्र भलतीकडेच पाहत होते.

"ह्या एकाला बाजूनं काय आलंय?"

"कोंब. त्यातून दुसरं होतं."

"म्हंजे ही आई हाय," शेठ म्हणाले.

दिवाळी आली. पिंपाच्या तळाला साईसारखा जाड थर बसला होता. आता तो तापवायचा, वाळवायचा, कुटायचा आणि द्रावकात घालून तेल वेगळं करायचं, एवढंच उरलं होतं. बाटली भरली असती हे मी आजही शपथेवर सांगेन. मनोज दुसऱ्या दिवशी येणार होता. मी शेगडी पेटवली आणि शेठनी पातेल्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, सर."

मी त्यांना म्हटलं, मिल जाईल. ते म्हणाले, माहीत हाय. मी म्हटलं, तुम्ही घरी जाऊन बसा, मी करतो.

"करायचं न्हाई, करवायचं न्हाई, अन् कुणी केलं तर बरं झालं असं बी म्हणायचं न्हाई. तिन्ही एकच हायेत."

मला राग आला. मी शेवटचा मुद्दा काढला. "शेठ, तुम्ही रोज पाणी उकळून पिता. त्यात जीव नसतात?"

शेठनी प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाले, "त्यांची माझी वळख न्हाई."

मी शेगडी विझवली.

मनोज आला, पिंपांकडे पाहिलं आणि बाटली कुठे म्हणून विचारलं. "तेल न्हाई निघालं," शेठ म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मनोज माझा विद्यार्थी. तो माझ्याकडे वळला आणि त्याने विचारलं, "सर, तुम्ही सांगा. तेल होतं का न्हाई त्याच्यात?"

होय म्हणायला हवं होतं. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक खमिराच्या ओळखीपाळखीपुढे हरला म्हणून तो हसला असता. "प्रयोग फसला," मी म्हणालो. पुढे चहाच्या टपरीवर विचारणाऱ्यांनाही मी तेच सांगत राहिलो. मिल पाडायचं ठरलं.

जागा रिकामी करायची म्हणजे मंडळींची सोय लावायला हवी. थोडं खमीर विद्यापीठात परत गेलं. उरलेल्यांसाठी शेठनी वडीगोद्रीजवळची एक मोसंबीची बाग पाहिली, मुलीसाठी स्थळ पाहावं तशी. गळलेली फळं टाकायचा खड्डा मोठा आहे का, सावली किती, बुरशीचं औषध फवारता का, सगळं विचारून घेतलं. बागवाला घाबरून हो किंवा नाही एवढंच म्हणत होता.

आम्ही टेम्पोतून पिंपं नेली. शेठनी ती स्वतः कलती केली, घाई न करता. शेवटचं पिंप रिकामं झाल्यावर आम्ही झाडाखाली बसलो आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, त्या दिवशी मनोजला खरं सांगायला हवं होतं. तुमच्या हातून मिल गेली, वर तुमचं हसं झालं. अजून सांगतो.

शेठ खड्ड्याकडे पाहत होते.

"बरं झालं, न्हाई सांगितलं ते," ते म्हणाले. "मनोज लहान व्हता तव्हा शाळेतून आला का मिलच्या दारात उभा राह्याचा. दप्तर पाठीवर तसंच. मी म्हणायचो, घरी जा, सीझन चालू हाय. दर साली सीझन असायचा, सर. त्याच्यासाठी एक दिवस बी मिल बंद ठेवली न्हाई मी. आता ह्यांच्यासाठी सगळी मिल सोडली, हे त्याला कळलं तर त्याला कसं वाटंल?"

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले.

"मी हाय तवर तरी सांगू नका," ते म्हणाले आणि टेम्पोत जाऊन बसले.