वावटळ कधी चालू होणार

शनिवारी संध्याकाळी चांगुणा कणीक मळत होती आणि हरिदास स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभा होता. चांगुणा नागरी आरोग्य केंद्रात परिचारिका. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या समाजमंदिरात तिनं रक्तदाब तपासणीचं शिबिर ठेवलं होतं आणि निदान शंभर माणसं तरी यावीत म्हणून आठवडाभर तिची धावपळ चालली होती. हात पिठात असल्यामुळे वस्तीच्या ग्रुपवर बातमी टाकायचं काम तिनं नवऱ्याला दिलं होतं.

हरिदासचं अर्धं चित्त दुसऱ्याच ग्रुपवर होतं. शहराबाहेरच्या मौजनगरी बागेत ‘वावटळ’ नावाचा रोलर कोस्टर उभा राहत होता. उद्‌घाटन आधी दिवाळीला होणार होतं, मग गुढीपाडव्याला, मग पुढच्या दिवाळीला, आणि आता फलकावर नुसतंच ‘लवकरच’ लिहिलेलं होतं. हरिदास पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. एकदा ऑफिसच्या सहलीत तो अशाच एका कोस्टरच्या रांगेत दोन तास उभा राहिला होता आणि त्याचा नंबर येताच पाळी संपली म्हणून दार लागलं होतं. ती हुरहुर त्याच्या मनातून कधी गेली नाही. त्यामुळे वावटळीची घोषणा झाली तशी त्यानं ‘वावटळ कधी?’ नावाचा ग्रुप काढला, आणि दर सोमवारी ऑफिसला जाताना वाट वाकडी करून तो उभे खांब मोजून यायचा. वीस महिन्यांत सव्वीसपैकी अकरा झाले होते.

ग्रुपवर साडेतीनशे माणसं होती आणि तट दोन. काम मुद्दाम रेंगाळवतात असं म्हणणाऱ्यांचा पुढारी हरिदास, आणि चांगल्या कामाला वेळ लागतोच असं म्हणणाऱ्यांचा महेश्वर. महेश्वरचं नव्या पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान होतं. दुकानाचा वरचा मजला बांधायला त्याला सहा वर्षं लागली होती, त्यामुळे रेंगाळलेल्या बांधकामाबद्दल त्याला आपुलकी वाटत असे. दोघं एकमेकांना ‘हरिदासराव’ आणि ‘अण्णा’ म्हणत अत्यंत आदरानं भांडत.

चांगुणानं पहिलं वाक्य सांगितलं: उद्या समाजमंदिरात रक्तदाब तपासणी शिबिर. हरिदासनं ते वस्तीच्या ग्रुपवर टाकलं. तेवढ्यात महेश्वरचा मेसेज वर चमकला. काँक्रीटमध्ये पाणी मुरावं लागतं, हे खात्यातल्या माणसाला आपण सांगायला नको, असं त्यात लिहिलं होतं. हरिदासनं तो ग्रुप उघडला, उत्तर लिहायला बोट उचललं, आणि चांगुणा म्हणाली, “पुढचं लिवा की. सकाळी दहाला चालू होणार. पूर्ण मोफत. घरच्या सगळ्यांना घेऊन या. पहिल्या शंभर जणांना नाश्ता.”

हरिदासनं ते समोर जे उघडं होतं तिथंच लिहिलं, उद्याची तारीख घातली आणि पाठवून दिलं. मग फोन चार्जिंगला लावून तो समाजमंदिरात खुर्च्या मांडायला गेला. परत आल्यावर जेवून झोपला.

सकाळी आठला त्यानं फोन हातात घेतला तर चारशे बारा मेसेज होते. लोक त्याचे आभार मानत होते. दोन वर्षं टीका केली, पण आतली बातमी शेवटी हरिदासरावांनीच आणली, असं कुणी लिहिलं होतं. महेश्वरनं तर तो मजकूर सोयऱ्याधायऱ्यांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरवून खाली लिहिलं होतं, ‘मी म्हणत होतो की नाही?’ दुधनीहून एक टेम्पो भरून निघालाही होता.

हरिदासनं घाईनं खुलासा टाकला की तो मेसेज शिबिराचा होता, वावटळीचा नव्हता. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. गर्दी कमी व्हावी आणि पहिली जागा आपल्याला मिळावी म्हणून हे चाललंय, असंच सगळ्यांना वाटलं. ‘खात्यातली माणसं अशीच,’ एकानं लिहिलं. तेव्हा हरिदासनं चांगुणाला काही न सांगता स्कूटर काढली.

मौजनगरीच्या फाटकाबाहेर तीन-चारशे माणसं जमली होती. उजनीकाठच्या एका गावाहून दोन ट्रॅक्टर आले होते. महेश्वर घरच्या अकरा जणांना नवे कपडे घालून घेऊन आला होता. फाटकाच्या आत मुकादम मडिवाळप्पा एकटाच उभा होता. रविवारची सुट्टी असल्यामुळे तो दाढी करत होता आणि अर्ध्या गालाला अजून साबण होता.

“एन्री हे, काय हो हे,” तो हरिदासला म्हणाला, “खांब अकराच हाईत. रूळ न्हाय, डबा न्हाय. मी काय चालू करू?”

हरिदास एका दगडावर चढला आणि त्यानं घडलं ते सगळं सांगितलं. चूक आपली, हेही सांगितलं. काही जण परतीला वळले. मग मागून एक बाई म्हणाली, “बरं, मग नाश्ता कुटं हाय?” आणि गर्दीत एकदम जीव आला. वावटळ नसली तरी नाश्ता लिहून दिलेला होता.

त्याच वेळी चांगुणाचा फोन आला. समाजमंदिरात दोन म्हातारे सोडले तर कुणी आलेलं नव्हतं; वस्तीच्या ग्रुपवर ना वेळ गेली होती ना नाश्ता. डॉक्टर घड्याळ बघत होते. शंभर जणांचा उपमा गार होत होता. आवाजावरून ती रडवेली झालेली कळत होती. हरिदासनं तिला कधी असं ऐकलं नव्हतं. त्यानं समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाला, “चांगुणा, सगळं टेम्पोत घाल आणि हितं ये. माणसं माझ्याकडं हाईत.”

अर्ध्या तासात शिबिर वावटळीच्या खांबांखाली लागलं. चांगुणानं नियम केला की आधी तपासणी, मग उपमा. रांग फाटकापर्यंत गेली. उपमा संपला तेव्हा महेश्वरनं पदरचे पैसे घालून तीन टोपल्या केळी मागवली. दुपारी दोनपर्यंत तीनशे सव्वीस जणांची नोंद झाली आणि चांगुणाच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जाईना.

तिनं नवऱ्यालाही रांगेत उभं केलं. त्याचा रक्तदाब एकशे अडुसष्ट-एकशे चार निघाला. मागच्या महेश्वरचा एकशे बहात्तर-एकशे सहा.

“तुमच्यापेक्षा चार जास्त,” महेश्वर सवयीनं म्हणाला.

मडिवाळप्पानं दोघांचे कागद पाहिले आणि खांबाच्या मागे बोट दाखवलं. वावटळीचं पूर्ण झालेलं असं तिथं एकच काम होतं, नियमांची पाटी. उच्च रक्तदाब असलेल्यांना प्रवेश नाही, असं तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

दोघांनी पाटी दोनदा वाचली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि चांगुणानं मीठ कमी करायला, रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं. ग्रुपवर भांडायचं नाही, हेही सांगितलं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाली.

त्या गर्दीचे व्हिडिओ मौजनगरीच्या मालकांपर्यंत पोचले. एवढी माणसं वाट बघतात हे त्यांना माहीतच नव्हतं. आठवड्याभरात चाळीस मजूर आणि दुसरी क्रेन आली, आणि फलकावर तारीख लागली: एक मे. म्हणजे चांगुणानं दिलेले तेच तीन महिने.

ग्रुपवर आनंदीआनंद झाला. फक्त हरिदासनं लिहिलं की एवढी घाई बरी नव्हे, काँक्रीटमध्ये पाणी मुरू द्यावं. त्याखाली महेश्वरनं हात जोडून लिहिलं, ‘हरिदासराव म्हणतात ते शंभर टक्के खरं.’ दोघांचे फोन चोरीला गेलेत का, असं एकानं विचारलं.

दोघं आता रोज सकाळी बरोबर चालायला निघत. वाट आपोआप मौजनगरीकडेच जाई. बारावा खांब झाला, पंधरावा झाला, अठराव्याला तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलंच नाही. रक्तदाब उतरत होता, पण खांब जास्त वेगानं चढत होते. शेवटी एके दिवशी महेश्वरनं मडिवाळप्पाला चहा पाजला आणि काम जरा दमानं घेता येईल का, असं विचारलं.

चहाच्या गाड्यापाशी सावित्रम्मा बसल्या होत्या. चाळीस वर्षं विड्या वळलेली, शहराच्या पूर्व भागातली चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. शिबिराच्या दिवशी त्यांचा रक्तदाब एकशे अठरा-शहात्तर भरला होता, आणि तेव्हापासून ‘वावटळीत बसणारच’ म्हणत त्याही रोज काम बघायला येत. त्यांनी बशी खाली ठेवली.

“तुमचं बीपी उतरंपर्यंत मी थांबायचं व्हय?” त्या म्हणाल्या. “तुमचं उतरंल की गोळीनं. माझं वय कुटल्या गोळीनं उतरवू?”

 हरिदासनं मडिवाळप्पाला सांगितलं की अण्णांचं मनावर घेऊ नका, काम होऊ द्या जोरात. मग तो महेश्वरला घेऊन निघाला. त्या दिवशी घरापर्यंत दोघं असे झपाझप चालले की वाटेतल्या रिक्षावाल्यानं काय झालं म्हणून गाडी थांबवली.