कीर्तनाच्या लोखंडाची पाठवणी

माणूस पारखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. म्हणूनच आमच्या गावच्या कीर्तन मंडपाचे गंजलेले खांब भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा व्यवहार माझ्याकडं आला. उपटलेल्या खांबांचा ढीग देवळाच्या पटांगणात पडला होता. तो हलल्याशिवाय लोकांना बसायला जागा नव्हती, आणि उद्या संध्याकाळी बुवांचं कीर्तन!

येरमाळ्याचे भंगारवाले जैनोद्दीनभाई ढीग बघून म्हणाले, "सकाळी टेम्पो आणतो, भाऊ."

"नेणार कुठं?"

"जालन्याला. भट्टीत वितळवून सळई काढतेत."

"ती सळई कुणाच्या घरात जाणार?"

"ज्याचं बांधकाम, त्याच्या."

"आणि त्यानं बियर बार बांधला तर?"

चुकीच्या गावचं तिकीट मागणाऱ्याकडं एसटीचा कंडक्टर बघतो, तसे ते माझ्याकडं बघत राहिले. "भट्टीत सगळं एकच होतंय, भाऊ. तिथं कोण कुणाचं, कसं सांगावं?"

हेच वाक्य बुवांच्या तोंडी आलं असतं, तर मी डोळे पुसले असते. भंगारवाल्याच्या तोंडी आल्यावर मात्र माझा संशय बळावला. माझ्या लग्नाआधीपासून अभंग ऐकलेलं लोखंड ते! वाटेत अदलाबदल झाली तर?

दिवेलागणीला पटांगणात कुणी नाही असं बघून मी प्रत्येक खांबाला हळदकुंकू लावलं. ओळख पटावी म्हणून काळा दोरा बांधला. दृष्ट लागू नये म्हणून लिंबूही अडकवलं. लेकीची पाठवणीसुद्धा इतक्या मायेनं होत नाही.

सकाळी टेम्पो आला. हमाल उतरले, ढिगाकडं बघितलं आणि परत टेम्पोत जाऊन बसले.

"ह्याच्यावर कुणीतरी करणी केलीय. आमी हात लावत न्हाय."

"तरीच!" शेजारची हरणाबाई म्हणाली. "काल सांजच्यापास्नं माझी म्हैस पान्हवंना."

बघता बघता अख्खं गाव एकमेकांकडं संशयानं बघू लागलं. कुणी पडलेल्या सरपंचाचं नाव घेतलं, कुणी निवडून आलेल्याचं. "काळ वाईट आलाय," मीही मान हलवत म्हणालो.

तेवढ्यात बुवांचा फोन. "भाऊ, मंडपात काही बाहेरचं झालंय म्हणे? टाळकरी यायला कचरतात. आजचं कीर्तन रद्द करू या."

मी देवळाच्या ओट्यावर चढलो. "ऐका! ते हळदकुंकू मीच लावलंय."

हरणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "बघा, कुणाचं पाप अंगावर घेतेत! देवमाणूस हाय."

"अहो, खरंच मीच..."

"बोलू नका, भाऊ. आमाला कळतंय."

माझी बायको नीला पुढं आली. "ह्यांनीच केलंय. माझा कुंकवाचा करंडा रिकामा पडलाय घरी."

"नवऱ्याला साथ द्यावी तर अशी," हरणाबाई म्हणाली.

मग ठरलं की एवढ्या पुण्यवान माणसाला करणी बाधणार नाही, तेव्हा खांब भाऊंनीच उचलावेत. पहिल्याच खांबाला माझी कंबर बोलली. दुसरं टोक धरायला जैनोद्दीनभाई आले.

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास हाय, भाऊ," ते हळूच म्हणाले. "असलं येडेपण तुमीच करणार."

ढीग गेल्याचं कळल्यावर बुवाही यायला तयार झाले, आणि संध्याकाळी पटांगण गच्च भरलं. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या माथी घेणाऱ्या सत्पुरुषाचा दृष्टांत बुवांनी असा रंगवला की सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बायकांच्या बाजूनं नीलाही बघत होती.

बुवांचा दृष्टांत अजून संपायचा होता. मी शेजारच्या टाळकऱ्याचे टाळ ओढून घेतले आणि जोरजोरात वाजवायला सुरुवात केली.