लांडग्यांनी बांधलेलं न्हाणीघर

एका जंगलात, मुलांनो, केल्ट जातीची रानडुकरं राहत होती. जंगल एका थंड, पावसाळी बेटावर होतं. तुम्हाला तुमच्या आईने तिथे पाय ठेवू दिला नसता, कारण जिकडेतिकडे चिखल होता.

त्या चिखलावरच डुकरांचं सगळं चालत असे. सकाळी उठायचं, मनसोक्त लोळायचं, मग पाइनच्या खोडाला अंग घासायचं. चिखल आणि झाडाची राळ मिळून अंगावर असं कवच चढे की चावणाऱ्याचाच दात पडावा. मग दगडावर घासून सुळ्यांना धार लावायची. उरलेला दिवस आपापसांत भांडायचं.

एकदा एका कळपाने दुसऱ्या कळपाची खोड मोडायला रोमचे लांडगे बोलावले. लांडग्यांनी दोन्ही कळपांची मोडली आणि तिथेच राहिले.

त्यांनी सरळ रस्ते केले. उत्तरेला भिंत घातली. आणि एक न्हाणीघर बांधून त्यात गरम पाणी सोडलं.

"हे अंगावर काय आहे?" लांडग्यांच्या सुभेदाराने विचारलं.

"चिखल," कळपाचा म्होरक्या कादो म्हणाला.

"अरेरे," सुभेदार म्हणाला. एवढंच म्हणाला, पण कादोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो न्हाऊन आला. आठवड्याभरात त्याने सुळे कानशीने गुळगुळीत करून घेतले आणि नावही बदलून कादोनियस केलं. मग काय, न्हाणीघरापुढे रांगच लागली. वाटेत चिखल दिसला की आया पिल्लांचे डोळे झाकू लागल्या.

फक्त कादोची लेक नेस्ता तेवढी लपूनछपून लोळत असे. तिला पाच पिल्लं होती. तीही तिच्यासारखीच मळकी.

"अगं, चारचौघांत माझी लाज तरी राख," कादोनियस म्हणे.

असं चारशे वर्षं चाललं. गोष्टीतली डुकरं फार जगतात. मध्येच प्रश्न विचारू नका.

मग एका सकाळी लांडगे सामान बांधू लागले.

"तिकडे आमच्याच घराला आग लागलीय," सुभेदार म्हणाला. "इथलं तुमचं तुम्ही बघा."

"म्हणजे आम्ही स्वतंत्र?" नेस्ताने विचारलं.

"म्हणजे भट्टी कोण पेटवणार?" कादोनियसने विचारलं.

चारशे वर्षांत एकाही डुकराने ते शिकून घेतलं नव्हतं. दुपारपर्यंत पाणी गार पडलं.

त्याच दुपारी पूर्वेच्या किनाऱ्याला होड्या लागल्या आणि त्यांतून रानकुत्री उतरली. नेस्ता धापा टाकत न्हाणीघरात आली.

"बाबा, कुत्री आलीत! चला, सगळे चिखलात चला. सुळ्यांना धार लावू. अजून वेळ आहे."

"चिखलात?" कादोनियस म्हणाला. "त्यातून वर यायला माझी हयात गेली, नेस्ता."

तातडीची सभा भरली. पहिला विषय पाण्याचा होता. तो इतका रंगला की कुत्र्यांचा विषय वेळेअभावी पुढे ढकलावा लागला.

शेवटी कुत्र्यांचा नायक स्वतःच दारात आला. फार नम्र होता.

"आम्हाला भट्टी पेटवता येते," तो म्हणाला. "राखणही करू."

सभेने टाळ्या वाजवल्या. विरोधात एकच मत पडलं, आणि ते मळकं होतं.

"बाबा, माझ्याबरोबर चला हो," नेस्ताने बापाचा कान धरून ओढून पाहिला.

"आधी पाय पूस," बाप म्हणाला.

नेस्ता रडली. मला तिचं फार वाईट वाटतं. मग पाच पिल्लं घेऊन ती पश्चिमेच्या डोंगरात गेली. तिथे पाऊस भरपूर आणि चिखल त्याहून भरपूर.

इकडे कुत्र्यांनी लाकडं रचली, भट्टी पेटवली. लांडग्यांच्या वेळी नव्हतं इतकं कढत पाणी आलं. डुकरं धडाधड आत उतरली. कुत्र्यांनी वरून कांदे, मीठ आणि कसलासा सुवासिक पाला टाकला.

"पाहिलंत?" कादोनियस डोळे मिटून म्हणाला. "लांडग्यांनाही हे सुचलं नव्हतं. सुगंधी स्नान!"

"पण मीठ कशाला?" कोणीतरी विचारलं.

"कातडी मऊ होते. गप्प बस."

संध्याकाळी वारा पश्चिमेकडे सुटला. डोंगरात नेस्ताची पिल्लं चिखलातून नाक वर काढून हुंगू लागली.

"आई, आजोबांकडे आज काय शिजतंय गं?" धाकट्याने विचारलं.

नेस्ताने त्याला पुन्हा चिखलात लोळवलं.

तात्पर्य: मुलांनो, रोज गरम पाण्याने आंघोळ करावी. पाणी कोण तापवतंय, हे विचारणं असंस्कृतपणाचं लक्षण आहे.