डोक्याकडची वाहतूक

लेकीने गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन ओढली, तेव्हा मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. निम्मं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या ओरडण्याला घाबरून अजून बसने हिंडत होतं. अशा माणसाने काल गाडी मागे घेताना शेजाऱ्यांची स्कूटर आडवी केली होती.

"स्कूटर मधे आली," मास्तर म्हणाले.

"बाबा, ती स्टँडवर उभी होती."

"तेच म्हणतोय. तिथे कशाला उभी करायची?"

लेक ऐकणारी नव्हती. तिच्या ओळखीचे एक डॉक्टर वय आणि बाई-पुरुष या फरकाने मेंदूतल्या रक्तप्रवाहावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होते. त्यांना वयस्कर जोडपी हवी होती. "दोघं जाऊन या. तुमच्या डोक्याला रक्त नीट पोचतंय असं निघालं, तर किल्ली परत," ती म्हणाली. मास्तर तावातावाने तयार झाले, पण आतून ते घाबरले होते. गाडी गेली तर आपल्याला मास्तर कोण म्हणणार, हा प्रश्न त्यांना सकाळपासून खात होता.

तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ मुलगी मशीन पुसत होती. मास्तरांना बघून तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"सर, तुम्ही?"

"तू कोण गं?"

"चढावर जिची गाडी बंद पडायची, ती."

"हां! क्लच!" मास्तर आनंदाने ओरडले. मुलगी दोन पावलं मागे सरकली.

आधी मास्तरीणबाई कॉटवर आडव्या झाल्या. मुलीने कानशिलाला थंडगार जेल लावून त्यावर पेनासारखं यंत्र टेकवलं. खोलीभर रक्त वाहण्याचा सूं-सूं आवाज घुमला. मग मास्तरांची पाळी आली. त्यांचा आवाज जरा दबकाच निघाला.

"व्हॉल्यूम वाढव की."

"व्हॉल्यूम तेवढाच आहे, सर. बायकांचा प्रवाह साधारण जास्त असतो. वय वाढलं की दोघांचाही कमी होतो. यात काळजीचं काही नाही."

"म्हणजे हिच्या डोक्याला माझ्यापेक्षा जास्त?"

"आज कळलं होय तुम्हाला?" मास्तरीणबाई जेल पुसत म्हणाल्या.

मुलीला हसू आलं आणि यंत्र कानशिलावरून घसरलं. झालं! मास्तरांचं टाळकं सरकलं. "हात स्थिर ठेव! लक्ष कुठाय? मी सांगतो काय आणि तू करतेस काय!" मुलीने घाबरून यंत्र पुन्हा टेकवलं, तर पडद्यावरची रेष झपकन वर गेली.

"सर, परत ओरडा."

"का?"

"प्रवाह वाढतोय!"

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ओरडायची विनंती करत होतं. त्यांनी क्लच, ब्रेक, आरसा, सगळ्यांचा मनापासून उद्धार केला. खोलीत भांडण जुंपलंय असं वाटून डॉक्टर धावत आले. प्रकार कळल्यावर ते खूश झाले आणि त्यांनी यंत्र मास्तरीणबाईंच्या कानशिलाला लावायला सांगितलं. मास्तर कॉटवरून उतरल्यावर डॉक्टरांनी मागून हाक मारली, तसे ते अख्खे वळले. "आता यांच्यावर ओरडा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते बघू."

मास्तर ओरडले. रेष ढिम्म हलेना. मास्तरांनी आवाज चढवला, पुढच्या खोलीतले लोक दारात गोळा झाले, रेष तशीच.

"मशीन बिघडलं वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"काकू, चहा घेणार?" मुलीने हळूच विचारलं. रेष टुणकन उडाली.

"मशीन ठीक आहे, सर."

"हे बोलायला लागले की मला शांत वाटतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पंखा चालू असल्यासारखं."

मास्तरांनी अजिजीने किल्लीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते यावरून नाही ठरत, काका. तुमचं डोकं झकास आहे. पण मघाशी मी मागून हाक मारली, तर तुम्ही मान न वळवता अख्खे वळलात. गाडी मागे घेताना काय करता?"

मास्तरांचा हात आपोआप मानेवर गेला. घरी जाताना बसमध्ये ते गप्पच होते. मास्तरीणबाईंना ती शांतता सहन होईना. "बोला की हो काहीतरी," त्या दोनदा म्हणाल्या.

मास्तरांनी मान न वळवता, अख्खं वळून, बायकोकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं शिकवलं, पण आपल्या ओरडण्याने जिचा हात थरथरत नाही अशी विद्यार्थिनी काही मिळाली नव्हती, आणि ती घरातच बसली होती.

शिकाऊ परवाना आल्यावर रविवारी रिकाम्या मैदानात मास्तरीणबाई स्टिअरिंगवर बसल्या. किल्ली लेकीने त्यांच्याच हातात दिली होती. मास्तर शेजारच्या सीटवर बसले, जिथे बसून त्यांनी सगळी नोकरी केली होती, आणि गाडी सुरू होताच गरजले, "आरसा बघ! क्लच हळू! अगं, ऐकू येतंय का?"

मास्तरीणबाईंनी सफाईने गाडी वळवली, गिअर बदलला आणि शांतपणे विचारलं, "काही म्हणालात का?"